तुम्ही विचारलंत म्हणून: कोरियन क्रियापदं मराठी माणसाला जमतील का?

मी पुण्यात कोरियनच्या सुरुवातीच्या पातळीचे वर्ग घेते. चौकशीला येणाऱ्यांत कोरियन मालिका बघणाऱ्या कॉलेजच्या मुली असतात, चाकण-रांजणगावच्या कोरियन कंपन्यांत काम करणारे इंजिनियर असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकवायच्या परकीय भाषांमध्ये कोरियनचं नाव आलं, तेव्हापासून पालकही असतात. लिपी बहुतेकांना इंटरनेटवरून थोडीफार आलेली असते. मग प्रश्न येतो तो हा: "कोरियन व्याकरण फार अवघड असतं म्हणे. क्रियापदाची इतकी रूपं सुरुवातीला लक्षात ठेवायची तरी कशी?"

माझं उत्तर ठाम आहे. मराठी बोलणाऱ्याला कोरियन वाक्याची घडण आधीच ओळखीची असते. आपण ती इंग्रजी पुस्तकांतून शिकायला जातो आणि तिथे परकी होऊन बसतो. इंग्रजी लेखकाला जे समजावायला दोन पानं लागतात, ते आपण रोज घरात बोलत असतो. म्हणून माझ्या वर्गात पहिल्या दिवसापासून अर्थ मराठीतच सांगायचा.

एक वाक्य घ्या. (उच्चार देवनागरीत जमतील तितपत लिहिते आहे.) "जॉनुन ऑजे छिन्गुहागो शिजाङेसॉ साग्वारुल सास्सॉयो." मी काल मैत्रिणीबरोबर बाजारात सफरचंद घेतलं. शब्दाखाली शब्द ठेवून बघा, एकाचीही जागा बदलावी लागत नाही. 'बरोबर' मैत्रिणीच्या मागून आलं, 'त' बाजाराच्या मागून आला, क्रियापद शेवटी आलं. शिवाय इथे सामान्यरूप नाही. आपल्याकडे घोड्याला, आंब्याला, मुलीला म्हणताना नामाचं अंग बदलतं, कोरियन नाम जसंच्या तसं राहतं. 'तो जातो' पण 'त्याने घेतलं' असा कर्त्यात होणारा फरकही नाही. लिंग नाही. गेला, गेली, गेलं, गेले, गेल्या या सगळ्यांना मिळून एकच 'गास्सॉयो'.

दोन ठिकाणी मात्र मराठी पुरत नाही. 'घरात आहे' आणि 'घरात काम करते' या दोन्हींत आपण 'त' वापरतो. कोरियनमध्ये असण्याला 'ए' आणि काही करण्याला 'एसॉ' लागतो. दुसरी जागा नामाला लागणाऱ्या 'नुन' आणि 'गा' या जोडीची. "मिन्सुगा वास्सॉयो" हे 'कोण आलं?' याचं उत्तर: मिन्सू आला. "मिन्सुनुन वास्सॉयो" म्हणजे मिन्सू तर आला, बाकीच्यांचं मी बोलत नाही. हा 'तर' कानात ठेवला की निम्मी वाट सरते. उरलेली सरायला वर्षं लागतात, आणि ती लागू द्यावीत.

आता क्रियापद. कोशात ते 'दा' लावून दिलेलं असतं: गादा, जाणे; मॉक्ता, खाणे (इथे 'क'पुढे 'दा'चा उच्चार 'ता' होतो). 'दा' काढला की धातू उरतो. पुढे जो प्रत्यय लावायचा तो तीनपैकी एका प्रकारचा असतो, आणि सुरुवातीला हे तीन प्रकार समजणं मी सगळ्यात महत्त्वाचं मानते. पहिला प्रकार धातूला थेट चिकटतो, जसा 'गो', म्हणजे आपलं 'करून' किंवा 'आणि'. दुसऱ्या प्रकारात धातू व्यंजनान्त असेल तर मध्ये एक छोटा 'उ'सारखा स्वर येतो, जसा 'म्यॉन', म्हणजे 'तर': गाम्यॉन, गेलं तर; मॉगुम्यॉन, खाल्लं तर. तिसऱ्यात 'आ' किंवा 'ऑ' येतो. धातूचा शेवटचा स्वर आ किंवा ओ असेल तर 'आ', नाहीतर 'ऑ', आणि 'हादा', म्हणजे करणे, याचं 'हे' होतं. रोजच्या बोलण्यातलं 'यो'चं रूप यातूनच तयार होतं: गायो, मॉगॉयो, हेयो. नवा प्रत्यय भेटला की तो तीनपैकी कुठला एवढंच विचारायचं. मग शेकडो रूपांचं पाठांतर उरत नाही.

त्यातही तिसऱ्या प्रकाराला सगळ्यात जास्त वेळ द्या. भूतकाळ त्यातूनच निघतो. 'गायो'तला 'यो' बाजूला करून 'स्सॉयो' लावलं की 'गास्सॉयो'. मॉगॉयोचं मॉगॉस्सॉयो, हेयोचं हेस्सॉयो, 'ओदा', म्हणजे येणे, याच्या वायोचं वास्सॉयो. आपल्या जा-गेला, ये-आला, कर-केला, घे-घेतला, माग-मागितला यांच्या मानाने हे किती सरळ आहे ते बघा. आपण ते लहानपणी नकळत शिकलो म्हणून सोपं वाटतं.

आणि याच तिसऱ्या रूपावर ती सगळी जोडक्रियापदं उभी आहेत ज्यांच्यासाठी मला ही भाषा इतकी आवडते. 'मॉगॉ बोसेयो': 'बोदा' म्हणजे बघणे, म्हणून खाऊन बघा. 'सॉ जुसेयो': 'जुदा' म्हणजे देणे, म्हणून लिहून द्या. 'हे बॉरिदा' म्हणजे करून टाकणे, 'हे दुदा' म्हणजे करून ठेवणे. इंग्रजी पुस्तकात या प्रत्येकाला एक वेगळा धडा आणि अपवादांची यादी असते. मराठी मुलीला एकदा अर्थ सांगितला की ती पुढचं वाक्य स्वतःच बनवते. परवानगी कशी मागतात तेही ऐका. 'गादो द्वेयो?' यातल्या 'दो'चा अर्थ 'सुद्धा, तरी'. गेलं तरी चालेल का? नकार: 'गाम्यॉन आन द्वेयो'. गेलं तर चालणार नाही. मराठीत आपण परवानगी नेमकी अशीच मागतो आणि अशीच नाकारतो.

नामाआधी येणारी रूपंही तशीच. 'ओन साराम' आलेला माणूस, 'ओनुन साराम' येत असलेला माणूस, 'नेइल ओल साराम' उद्या येणारा माणूस. इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे अख्खं वाक्य उलटं फिरवावं लागतं. आपल्याला फक्त 'लेला', 'त असलेला' आणि 'णारा' आठवायचे आहेत.

नकारांबद्दल मला विशेष सांगायचं आहे, कारण पुस्तकं इथे घाई करतात. 'आन गायो' जात नाही. 'मोत गायो' जाता येत नाही. 'गाजि मासेयो' जाऊ नका. आज्ञार्थाच्या नकाराला आपल्याकडे 'नको-नका' असं वेगळं क्रियापद आहे, तसंच त्यांच्याकडेही आहे. आणि 'हाक्सेङि ऑप्सॉयो' म्हणजे इथे कुणी विद्यार्थी नाही. तर 'हाक्सेङि आनिएयो' म्हणजे हा विद्यार्थी नव्हे. हल्ली बोलताना आपण 'नव्हे' कमी वापरतो, पण हा फरक मराठी कानाला लगेच कळतो.

विशेषणं मात्र सुरुवातीला अडतात. कोरियनमध्ये गुण सांगणारा शब्द स्वतःच क्रियापदासारखा चालतो. 'बिस्सायो' म्हणजे 'महाग आहे', 'बिस्सास्सॉयो' म्हणजे 'महाग होतं'. त्यात वेगळा 'आहे' घालायचा नाही. मुलं सवयीने घालतात. आपल्या 'दुखतं', 'पुरतं', 'शोभतं' या क्रियापदांसारखं 'महागतं' असं एक क्रियापद आहे, असं समजून चाला.

अनियमित धातू थोडे आहेत आणि ते गटागटाने बदलतात. 'छुप्ता', थंडी असणे, याचं 'छुवॉयो' होतं. पण 'इप्ता', कपडे घालणे, याचं साधं 'इबॉयो'. 'गॉत्ता', चालणे, याचं 'गॉरॉयो'; 'बात्ता', मिळणे, याचं 'बादायो'. 'मोरुदा', माहीत नसणे, याचं 'मोल्लायो'. धातू बघून कुठला बदलेल ते ओळखायचा खात्रीचा नियम नाही. म्हणून नवं क्रियापद वहीत लिहिताना कोशातलं रूप आणि 'यो'चं रूप शेजारी शेजारी लिहा आणि दोन्ही मोठ्याने म्हणा. यातले बहुतेक बदल दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातच होतात. पहिल्या प्रकारात धातू सहसा तसाच राहतो. 'छुप्को' म्हणताना ('गो'चा उच्चार इथे 'को') तो बिचकत नाही.

मग आदर. सगळे घाबरतात ते इथे, आणि थांबून शिकायचं तेही इथेच. मराठीत आपण ज्याच्याबद्दल बोलतो त्याला आदर देतो: बाबा आले, आजी आल्या. ऐकणारा कोण आहे याची खूण क्रियापदावर पडत नाही. कोरियन क्रियापदावर दोन्ही खुणा पडतात, आणि त्या वेगवेगळ्या आहेत. मैत्रिणीला सांगायचं, मिन्सू आला: "मिन्सुगा वास्सॉ." तेच सरांना: "मिन्सुगा वास्सॉयो." मैत्रिणीला सांगायचं, आजी आल्या: "हाल्मॉनि ओशॉस्सॉ." सरांना: "हाल्मॉनि ओशॉस्सॉयो." मधला 'शि' ('ऑ' लागून इथे 'शॉ' झालेला) आजीसाठी, शेवटचा 'यो' सरांसाठी. ही चार वाक्यं मी पहिल्याच महिन्यात तोंडपाठ करून घेते. 'शि' स्वतःला कधीही लावायचा नाही, हे आपल्याला सांगावं लागत नाही. 'मी आल्या' असं आपणही म्हणत नाही. गंमत अशी की सोलच्या कॅफेत नम्रतेच्या भरात कॉफीलाही 'शि' लावलेला ऐकू येतो, आणि तिथले भाषातज्ज्ञ ते चूक असल्याचं पुन्हा पुन्हा सांगतात.

काही क्रियापदं तर पूर्णच बदलतात. मोठ्यांचं खाणं 'मॉक्ता' नसतं, 'दुशिदा' असतं. झोपणं 'जादा' नसतं, 'जुमुशिदा' असतं. आपण मोठ्यांना 'खाल्लं का' न म्हणता 'जेवलात का' म्हणतो, त्यातलंच हे.

'तुम्ही'ला शब्द काय, असं लगेच विचारतात. पुस्तकात 'दाङ्शिन' सापडेल, पण अनोळखी माणसाला तो म्हटलात तर भांडायला उठल्यासारखं वाटेल. सर्वनाम टाळायचं, नात्याने किंवा हुद्द्याने हाक मारायची. खानावळीत वाढणाऱ्या बाईंना 'इमो' म्हणतात. 'इमो' म्हणजे आईची बहीण. मंडईतल्या भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्यांना याहून जास्त काय समजावायचं?

परीक्षेचं विचारणाऱ्यांसाठी: 'टोपिक', म्हणजे कोरियन भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या, पहिल्या टप्प्यात फक्त ऐकणं आणि वाचणं असतं, ७० प्रश्न, २०० गुण. ८० गुणांना पहिली पातळी, १४० ला दुसरी. बोलायला लावत नाहीत म्हणून बोलणं सोडू नका. क्रियापद तोंडात बसतं ते बोलूनच.

शेवटचा प्रश्न, जो या लेखामुळे आणखी येईल: देवनागरीत लिहून शिकलं तर चालेल का? नाही. मी इथे देवनागरी वापरली ती तुम्हाला वाचता यावं म्हणून. राजा सेजोंगने १४४३ मध्ये तयार केलेली आणि १४४६ मध्ये लोकांसमोर ठेवलेली हांगुल लिपी क्रियापद शिकायला स्वतःच मदत करते. वाक् अधिक मय याचं वाङ्मय, जगत् अधिक नाथ याचं जगन्नाथ, हा व्यंजनसंधी आपण शाळेत शिकलो. कोरियन बोलण्यात तो पदोपदी होतो: 'हाप' पुढे 'निदा' आला की 'हाम्निदा', 'मॉक' पुढे 'ओनुन'मधला 'नुन' आला की 'मॉङ्नुन'. पण आपण संधी झाल्यावर जे ऐकू येतं ते लिहितो, कोरियन माणूस मूळ धातू लिहितो. जपानी राजवटीत, १९३३ मध्ये, कोरियन भाषामंडळाने लेखनाचे नियम बांधले तेव्हा हे तत्त्व पक्कं केलं. त्याच मंडळातल्या माणसांना १९४२ पासून अटका झाल्या आणि दोघे तुरुंगातच वारले. त्या नियमामुळे मॉक्ता, मॉगॉयो, मॉङ्नुन ही देवनागरीत तीन वेगळी दिसणारी रूपं हांगुलमध्ये एकाच अक्षरचौकटीने, म्हणजे व्यंजनं आणि स्वर एकत्र बसवलेल्या एकाच चौकोनी अक्षराने, सुरू होतात. ती चौकट ओळखता आली की न शिकलेल्या वाक्यातही 'खाणे' कुठे आहे ते दिसतं. तेव्हा पहिले आठ-दहा दिवस फक्त लिपीला द्या, मग गादा, ओदा, मॉक्ता, हादा, बोदा, जुदा ही सहा क्रियापदं घ्या आणि प्रत्येकाला तिन्ही प्रकारचे प्रत्यय लावून वही भरा.