अकरा नंबरचे आजोबा

"अवघड पेशंटला कसं हाताळाल?" नर्सिंगच्या मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तरही ठरलेलं : "मी शांत राहीन, त्यांचं ऐकून घेईन, समजूत घालेन." आमच्या वॉर्डातली ज्युनिअर हेच घोकत बसली होती. मी म्हटलं, "अगं, त्या नाईटचं सांग की. अकरा नंबर."

खुब्याचं ऑपरेशन झालेले आजोबा. दिवसभर गप्प, मध्यरात्रीनंतर मात्र शिवीगाळ सुरू. सलाईन उपटायला निघाले, जवळ गेलेल्या मावशींवर हात उगारला. ड्यूटी बदलताना पुढच्यांना माहिती (ओव्हर) देतानाच "कटकट्या आहे हं" असं सांगून झालेलं, त्यामुळे हात बांधा, झोपेचं इंजेक्शन मागवा, अशी घाई चाललेली. ही पोरगी हातभर अंतर राखून उभी राहिली, बाकीच्यांना गप्प केलं आणि एकटीच हळू आवाजात बोलत राहिली. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ठीक. शुगर ७०च्या खाली नाही ना, तेही पाहिलं. मग नजर युरोबॅगकडे, म्हणजे लघवीच्या पिशवीकडे गेली. संध्याकाळपासून जेमतेम तळ ओला. ओटीपोट टणक. चादर बाजूला केली तर कॅथेटरची नळी मांडीखाली दुमडलेली! ती सरळ केली, तशी बॅग झरझर भरायला लागली. डॉक्टर येईपर्यंत आजोबा घोरत होते.

"पण मॅडम, मी तर फक्त नळी सरळ केली. यात हाताळलं काय?"

अगं, तेच तर. वयस्कर माणूस एकाएकी बिथरला, तर लघवी तुंबणं, ऑक्सिजन किंवा शुगर उतरणं, वेदना, इन्फेक्शन हे आधी तपासायचं. दारू पिणारा असेल, तर ती अचानक तुटल्यानेही बिथरतो, म्हणून शेवटच्या घोटानंतरचे ४८ ते ९६ तास डोळ्यांत तेल घालून काढायचे. मुलाखत घेणाऱ्याला हा क्रम ऐकायचा असतो. तुझा स्वभाव किती गोड आहे, हे नव्हे. पेशंटची ओळख तेवढी सांगू नकोस.

"आणि शारीरिक कारण सापडलंच नाही तर?" मी पुढचा प्रश्न टाकला. हा येतोच.

"दाराच्या बाजूला उभी राहीन, एकटी थांबणार नाही, डॉक्टरांना कळवीन. बांधणं शेवटी, तेही ऑर्डर असेल तरच."

"आणि नोट्समध्ये?"

"पेशंट उद्धट वागला..."

"उद्धट हे तुझं मत झालं. काय केलं, काय बोलला, किती वाजता, ते लिही."

"शिव्यासुद्धा?"

"शब्दशः. अवतरणचिन्हात."