आमची वाटचाल : स्टॅटिक घालवता घालवता

चिकलठाणा एमआयडीसीतलं आमचं युनिट उभं राहिलं ते कारखान्यांचे गणवेश शिवायला. पुढे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडून अँटिस्टॅटिक एप्रनची कामं येऊ लागली. त्या कापडात कार्बनच्या धाग्याची बारीक चौकट असते. अंगावर जमलेली स्टॅटिक, म्हणजे घासण्यातून येणारी स्थिर वीज, तिच्यातून निघून जाते, नाहीतर एका ठिणगीत सर्किट बोर्ड कामातून जातो. पोट त्यावर भरलं आणि आजही त्यावरच भरतं, हे आधीच सांगून टाकतो.

इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याने एकदा विचारलं, "मामा, जी वीज घालवायचे आपण पैसे घेतो, तीच साठवली तर?" गडी काही नवीन सांगत नव्हता. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या विद्यापीठातल्या झोंग लिन वांग यांच्या गटाने २०१२ मध्येच ट्रायबोइलेक्ट्रिक नॅनोजनरेटर, म्हणजे घासण्यातून वीज करणारं साधन, मांडलं होतं. नायलॉन आणि टेफ्लॉन एकमेकांना घासले की नायलॉनवर धन आणि टेफ्लॉनवर ऋण भार येतो. दोन्हींच्या मागे वीजवाहक थर दिला की हाताच्या हालचालीगणिक वीज इकडून तिकडे वाहते. हिवाळ्यात टेरिकॉटचा शर्ट काढताना चटचटते ती हीच.

तसाच वीज करणारा कपडा शिवायला आम्ही बाहीच्या आतल्या अंगाला नायलॉन लावलं, कुशीला टेफ्लॉनचं कापड. खरी कसरत वीज वाहून नेणाऱ्या, चांदीचा मुलामा दिलेल्या दोऱ्याची. सुईत ओवला की मुलामा सोलवटतो, दोरा पिंजतो. तोडगा शिलाईवरच्या मावशींनीच काढला : तो दोरा बॉबिनमध्ये भरायचा, वर साधा पॉलिस्टर, टाका लांब, मशीन सावकाश. कुणीतरी पैठणीची जर सुचवली. चांदीच्या तारेच्या जरीला मीटर लावला की बीप वाजतो, म्हणजे तिच्यातून वीज वाहते; हल्लीच्या प्लास्टिक जरीला नाही. चांदीच्या जरीचा भाव ऐकून मात्र आम्ही हात जोडले.

साठवण त्याहून किचकट. व्होल्टेज शेकड्यात जातं, करंट मायक्रोअँपियरचा, तोही उलटसुलट. म्हणून आधी करंट एकाच दिशेचा करणारा रेक्टिफायर, मग वीज साठवणारा सुपरकपॅसिटर. त्यासाठी कार्बन चढवलेला सुती धागा आणि पाण्याचा जेल अंगावर वापरायला बरा, पेट घेत नाही. पण १.२३ व्होल्टच्या पुढे पाण्याचंच विघटन व्हायला लागतं, त्यामुळे सेल ओळीने जोडावे लागतात.

येणारा प्रत्येक जण विचारतो, "मोबाईल चार्ज होतो का?" नाही होत. बराच वेळ हात हलवला की तापमानाचं एखादं रीडिंग पाठवण्यापुरती वीज जमते, बस. याहून मोठं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे धुतलेला नमुना मागा. दमट हवेत भार टिकत नाही, घामाने तर आणखी पंचाईत. आमचा नमुना बघायचा असेल तर पावसाळा सोडून कधीही या.