माजी ची, माजा खा

आमच्या भाचीला सव्वादोन वर्षं झाली. खुर्ची म्हणजे "ची", पंखा म्हणजे "खा", चादर म्हणजे "दर". घरी कुणी आलं की म्हणतंच, अजून अर्धेच शब्द बोलते होय, आमचा तर या वयात गाणी म्हणायचा, आणि मग ताईचं तोंड एवढंसं होतं. मला ते बघवत नाही, म्हणून हे लिहितेय.

गेला महिनाभर रात्री जागून मी एकच विषय वाचतेय, आफ्रिकेतल्या बांटू भाषा बोलणाऱ्या घरांत लहान मुलं नामं कशी शिकतात. तिकडे नामाला आपल्यासारखं तो-ती-ते नसतं, वर्ग असतात, बऱ्याच भाषांत दहापेक्षा जास्त, आणि वर्ग कळतो शब्दाच्या पुढच्या टोकावरून. स्वाहिली ही त्यातलीच एक भाषा, तिच्यात खुर्ची म्हणजे "किती" (आपलं किती नव्हे!) आणि खुर्च्या म्हणजे "विती". आपल्या सोलापुरातल्या विजापूर वेशीत ऐकू येते ती उर्दूतली किताब मूळची अरबी, ती तिकडे गेली आणि "किताबू" झाली, तर लोकांना त्यातला "कि" आपल्याच वर्गातला वाटला आणि अनेकवचन केलं "विताबू"! बरं हा तुकडा नामापुरता राहत नाही, मागच्या सगळ्या शब्दांना लागत जातो. "किताबू किकुब्वा किमोजा किमेआंगुका", म्हणजे एक मोठं पुस्तक पडलं. सगळीकडे कि कि कि.

हे दोन वर्षांच्या पोराला कसं जमत असेल?

कॅथरिन डेमथ नावाच्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आफ्रिकेतल्या लेसोथो देशात राहून मुलांचं बोलणं रेकॉर्ड केलं, तिथल्या सेसोथो या बांटू भाषेतलं. सेसोथोत झाड म्हणजे "सेफाते". मूल आधी म्हणतं नुसतं "फाते". मग काही दिवस पुढे एक पुसटसा स्वर येतो, "एफाते"सारखा, आणि साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत पूर्ण "सेफाते". पुढचा तुकडाच का गळतो, तर सेसोथोत शेवटून दुसरं अक्षर लांबवतात, कानाला तेच ठळक लागतं, पुढचं हलकं राहून जातं. पण "मोथो" म्हणजे माणूस, हा शब्दच दोन अक्षरांचा, तिथे पुढचा "मो" मुलं सहसा टाकत नाहीत.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. माझं झाड म्हणजे "सेफाते सा का". मूल "से" खातं, पण मागचा "सा" बरोबर लावतं, "फाते सा का" म्हणतं. म्हणजे झाड कुठल्या वर्गातलं ते त्याला पक्कं माहीत आहे, फक्त तोंडातून अजून बाहेर पडत नाहीये. आणि मुलं अर्थावरून अंदाज लावून सगळ्या वस्तू एकाच वर्गात कोंबत नाहीत, तसल्या चुका फार कमी सापडतात. ऐकून ऐकून जुळणी बसते.

हे वाचलं आणि मी सरळ उठून बसले. कारण आमची बाई काय म्हणते? "माजी ची." "माजा खा." "माजी दर." शब्द अर्धा आहे पण माझी-माझा एकदाही चुकलेलं नाही!

बरं ती वाढतेय सोलापूरच्या पूर्व भागात. दुपारी ती असते शेजारच्या आज्जींकडे, त्या घरात तेलुगू बोलतात. तेलुगूत चादरीला खुर्चीला आपल्यासारखं पुल्लिंगी स्त्रीलिंगी वेगवेगळं नसतंच, त्यामुळे आज्जी चाळीस वर्षं सोलापुरात राहून सुद्धा मायेनं म्हणतात, "हा माझा चादर घे गं." त्यात आज्जींचं काही चुकत नाही, त्यांच्या कानाची घडण वेगळी. भाची दोन्ही ऐकते, आज्जींना तेलुगूत "इटु रा", म्हणजे इकडे ये, म्हणून हाक मारते, आणि घरी येऊन "माजी दर" म्हणते.

काल रात्री जेवणं झाल्यावर ताईला हे सगळं सांगत होते, तिला निम्मं पटलं होतं, निम्मं नव्हतं. तेवढ्यात भाचीने दोन प्लास्टिकच्या खुर्च्या फरफटत शेजारी शेजारी आणल्या, दोन्हींवर हात ठेवला आणि म्हणाली,

"माज्या च्या."

ताई माझ्याकडे बघायला लागली.