शीर्षकात बसणारा शब्द

अमेरिकेतील स्थलांतरितांविषयीच्या एका बातमीचा अनुवाद करत असताना आज एक ज्येष्ठ सहकारी सहज म्हणाले, “घुसखोर लिहा, शब्द छोटा आहे, शीर्षकात बसतो.”

बातमीतील माणूस मात्र विमानतळावर पासपोर्टवर रीतसर शिक्का घेऊन त्या देशात गेला होता. व्हिसाची मुदत संपल्यावर तो परतला नाही. त्याने नियम मोडला हे खरे, पण तो घुसला कुठे? शिवाय ‘खोर’ हा प्रत्यय लाचखोर, चहाडखोर, भांडखोर अशा शब्दांत येतो आणि एखाद्या कृतीला पाहता पाहता माणसाचा स्वभावच करून टाकतो.

तिकडेही हा वाद जुनाच आहे. तेथील १९५२ च्या स्थलांतरविषयक कायद्यात ‘एलियन’ (परका, परदेशी) हा शब्द आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१३ मध्ये ‘इल्लीगल’ (बेकायदा) हे विशेषण माणसाला लावणे थांबवून ते कृतीपुरते राखले. २०२१ मध्ये बायडेन प्रशासनाने ‘नॉनसिटिझन’ (नागरिक नसलेला) स्वीकारला, तर २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने ‘एलियन’ परत आणला. (सरकार बदलले की शब्दकोशही बदलतो!)

‘कागदपत्रे नसलेला’ हा सौम्य पर्यायही मला पटला नाही, कारण याच्याकडे कागदपत्रे होती, केवळ त्यांची मुदत उलटली होती.

अखेर मी ‘व्हिसाची मुदत संपूनही राहिलेला’ असे लिहिले. शीर्षक दोन ओळींचे झाले आणि सहकाऱ्यांनी ते नाइलाजानेच मान्य केले. तुम्ही कोणता शब्द वापरला असता?