दहा आकडी लेबल, अकरा आकडी क्लेम

अमेरिकेतल्या क्लिनिकचं बिलिंग करताना मला महागड्या औषधांपेक्षा साध्या जेनेरिक अँटिबायोटिकचे क्लेम (विम्याकडून पैसे मागणारी बिलं) जास्त वेळा परत आलेले दिसतात. महाग इंजेक्शन सगळेच दोनदा तपासतात. सेफ्ट्रिॲक्सोनसारख्या साध्या अँटिबायोटिक इंजेक्शनकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. सिस्टिममध्ये कधीकाळी भरलेला कोड तसाच जात राहतो, कपाटात तोवर दुसऱ्याच कंपनीचा माल आलेला असतो. म्हणून पहिलं काम म्हणजे व्हायल हातात घ्यायची आणि त्यावरचा एनडीसी (नॅशनल ड्रग कोड, म्हणजे औषधाचा ओळख क्रमांक) वाचायचा.

लेबलवर दहा आकडे असतात, तीन तुकड्यांत. पहिला तुकडा कंपनीचा, तो एफडीए (अमेरिकेचं औषध नियामक खातं) ठरवून देतं. दुसरा औषध, ताकद आणि प्रकार सांगतो, तिसरा पॅकिंग. मांडणी ४-४-२, ५-३-२ किंवा ५-४-१. क्लेमला मात्र अकरा आकडे लागतात, ५-४-२ असे. जो तुकडा अपुरा, त्याच्याच सुरुवातीला शून्य. १२३४५६७८९० हेच दहा आकडे घ्या (नमुन्यादाखल). १२३४-५६७८-९० असतील तर ०१२३४-५६७८-९० होतात; १२३४५-६७८-९० चे १२३४५-०६७८-९०; आणि १२३४५-६७८९-० चे १२३४५-६७८९-००. तीन वेगळी औषधं! त्यामुळे मधल्या रेघा न बघता सरसकट पुढे शून्य ठोकणं म्हणजे जुगार. उभ्या रेघांच्या बारकोडवरही भिस्त ठेवू नका. त्यात दहा आकडे सलग असतात, वर आधी ३ आणि शेवटी तपासणीचा आकडा जोडलेला. तुकडे कुठे पडतात ते त्यातून कळत नाही.

आणखी एक खोडा. तेवा या औषध कंपनीचा कोड ००९३. सुरुवातीला शून्य दिसतं म्हणून नवीन माणसाला वाटतं, शून्याची भरती आधीच झालेली आहे. नाही झालेली, क्लेमवर ते ०००९३ होतं. ल्युपिनचा ६८१८० किंवा ऑरोबिंदोचा ६५८६२ मुळातच पाच आकडी, तिथे कमतरता दुसऱ्या किंवा तिसऱ्या तुकड्यात शोधायची.

आता युनिट. माझ्या मते खरी गफलत इथेच होते, कारण एकाच ओळीत दोन वेगळ्या मापांनी मोजायचं असतं. सेफ्ट्रिॲक्सोनचा जे-कोड (इंजेक्शनच्या औषधांचा बिलिंग कोड) जे०६९६, दर २५० मिलिग्रॅमला एक युनिट. १ ग्रॅमची व्हायल पूर्ण दिली तर ४ युनिट. पण एनडीसीचं प्रमाण यूएन (नग) १, कारण कोरड्या पावडरची व्हायल नगावर मोजतात. लोक इथेही ४ टाकतात, किंवा पावडर पातळ केल्यावर सिरिंजमध्ये जेवढे मिली आले तेवढे लिहितात. एमएल हे माप मुळातच द्रवरूप असलेल्या इंजेक्शनचं. कागदी फॉर्मवर हे सगळं २४ व्या रकान्याच्या वरच्या करड्या पट्टीत जातं: आधी एन४ (पुढे एनडीसी येतो याची खूण), लगेच रेघांशिवाय अकरा आकडे, मग मापाचं चिन्ह आणि प्रमाण.

दहा व्हायलच्या खोक्यावर एक एनडीसी आणि आतल्या व्हायलवर दुसरा असू शकतो. मी व्हायलवरचा घेते. एखाद्या विमा कंपनीच्या नियमावलीत खोक्याचा मागितला असेल तरच तो. मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी विमा योजना) याबाबत विशेष काटेकोर, कारण उत्पादकाकडून रिबेट (किमतीतला परतावा) वसूल होतो तो याच कोडवर. रिबेटच्या यादीत ती कंपनी नसेल, तर बाकी सगळं बरोबर असूनही पैसे मिळत नाहीत.

५०० मिलिग्रॅमची व्हायल संपलीय आणि १ ग्रॅममधून अर्धंच दिलंय, असं झालं तर मेडिकेअरला (मुख्यतः ज्येष्ठांची सरकारी विमा योजना) दोन ओळी लागतात: दिलेले २ युनिट, आणि टाकून दिलेले २ युनिट जेडब्ल्यू मॉडिफायर (कोडला जोडायची दोन अक्षरी खूण) लावून. काहीच वाया गेलं नसेल तर जेझेड. १ जुलै २०२३ पासून तोही सक्तीचा आहे. टाकून दिल्याची नोंद चार्टमध्ये हवीच.

फार्मसीच्या काउंटरवर जे-कोडची भानगड नाही, पण तिथली पावडर वेगळी वागते. अमॉक्सिसिलिन सस्पेन्शन बाटलीत पावडर म्हणूनच येतं, तरी बिल तयार झालेल्या मिलीवर. १५० मिली द्यायचं असेल तर ७५ च्या दोन बाटल्या घ्याव्यात. १०० आणि ५० घेतल्या की एनडीसी दोन होतात. अझिथ्रोमायसिनची २२.५ मिलीची बाटली २२.५ च लिहायची, २३ नाही. सहा गोळ्यांचं पाच दिवसांचं पाकीट म्हणजे प्रमाण ६, दिवस ५. ‘१ पाकीट’ लिहिलं की प्रमाणावरून अडकतं. ७० नंबरचा रिजेक्ट आला तर ते औषध त्या प्लॅनमध्ये नाही, ७७ आला तर एनडीसी बंद झालेला. दुसऱ्या प्रकारात शेल्फवरची बाटली बघितल्याशिवाय नवा कोड टाकू नये. जी बाटली दिलीच नाही तिचं बिल लावणं ऑडिटमध्ये सरळ वसुलीला जातं.

परत पाठवण्याआधी क्लेम कुठे अडला ते बघा. क्लिअरिंगहाउसनेच (क्लेम तपासून विमा कंपनीकडे पाठवणारी मधली संस्था) परतवला असेल, तर तो विमा कंपनीकडे पोचलेलाच नसतो. नवा म्हणून पाठवायचा. खासगी विमा कंपनीने नाकारला असेल, तर २२ व्या रकान्यात ७ आणि मूळ क्लेमचा नंबर. तो नंबर राहिला तर डुप्लिकेट म्हणून पुन्हा दारातून परत.