ना फिल्मी, ना क्लासिकल

"ना फिल्मी, ना क्लासिकल, कोणी घेतच नाही," असे म्हणत चोर बाजारातल्या विक्रेत्याने शंकर-जयकिशन यांची 'रागा जॅझ स्टाइल' ही १९६८ सालची एलपी तबकडी शर्टाच्या बाहीने पुसून माझ्या हातात दिली.

घरी येऊन ती लावली, तरी ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

सुरुवातच तोडी रागाने होते आणि सोबतीला ड्रम्स! रईस खान यांना सतारीची तार ओढून मींड घेता येते, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाता येते. सॅक्सोफोनला मात्र चाव्या असतात, त्यामुळे स्वरांमधली तीच वळणे मनोहारी सिंग यांना ओठांच्या दाबावर आणि फुंकेवर काढावी लागतात, आणि ती ऐकताना माझा चहा निवून गेला. सगळेच तुकडे जमले आहेत असे नाही. काही ठिकाणी आपण चित्रपटाचे पार्श्वसंगीतच ऐकतो आहोत, असे वाटते. मात्र ११ रागांची ही खटाटोप मैफलीचा रिवाज पाळून भैरवीवरच संपते, याची मला गंमत वाटली.

आता ती ठेवायला गेलो, तर माझ्याकडेही कप्पे दोनच आहेत. तुमच्याकडे ही तबकडी असेल, तर ती कोणत्या कप्प्यात आहे?