तहकूब सभेला माणसं लागत नाहीत

ग्रामसभेला न जाण्याची कारणं ठरलेली असतात. शेतात काम आहे, तिथे नुसती भांडणं होतात, सरपंचाने सगळं आधीच ठरवलेलं असतं. तिसरं कारण पुष्कळदा खरंही असतं. पण आधीच ठरवणं इतकं सोपं का जातं, हे गणपूर्तीच्या, म्हणजे किमान हजेरीच्या, नियमात दिसतं.

महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला कमी असेल तो आकडा. 500 मतदारांच्या गावात 75 माणसं लागतात. 1,800 मतदारांच्या गावात 15 टक्के म्हणजे 270, पण तिथेही 100 वर भागतं. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, म्हणजे पुढे ढकलली जाते, आणि नंतर भरणाऱ्या या तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. पंधरावीस जणांत ठराव मंजूर होतात आणि ते कायदेशीर असतात. लोक आले नाहीत म्हणून गावाचा कारभार अडू नये, एवढ्यासाठी केलेली ही सोय. काही गावांत मात्र पहिली सभा तहकूब करण्यापुरतीच बोलावली जाते.

या ठरावांत घरकुलाचे लाभार्थी असतात, गावाचा विकास आराखडा असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतींना येणाऱ्या, 2021-22 ते 2025-26 च्या निधीत 60 टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवलेला. उरलेला 40 टक्के अबंधित. भांडायचंच तर अशा अबंधित पैशावर भांडावं. गटार आधी की पेव्हर ब्लॉक, ही निवड तिथे गावाच्या हातात असते.

सभेला जायचं तर तयारीने जावं. नियमित सभेची नोटीस सात दिवस आधी लागते; फलकावरच्या विषयपत्रिकेचा फोटो काढून ठेवावा. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा आराखडा आणि झालेला खर्च दिसतो, तो आधी पाहून घ्यावा. प्रश्न लेखी द्यावा आणि ग्रामसेवकाकडून पोच घ्यावी (सरकारने पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलं आहे, गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं).

खरी गडबड होते ती सह्यांच्या वहीत. 15 ऑगस्टला झेंडावंदनाला आलेल्यांच्या सह्या रांगेत घेतल्या जातात, माणसं जिलेबी घेऊन पांगतात. सभा सुरू होते तेव्हा सतरंजीवर दहा जण आणि वहीत सव्वाशे सह्या. म्हणून पानाच्या माथ्यावर तारीख आणि सभा नियमित की तहकूब हे लिहिलेलं नसेल तर सही करू नये. दुसरी जागा म्हणजे शेवटचा विषय, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’. नोटिशीत असतं तर जे कोणाच्या तरी नजरेला पडलं असतं, ते इथून आत येतं. तहकूब सभेत तर मूळ विषयपत्रिकेबाहेरचा विषय घेताच येत नाही. कोणी घेतलाच तर हरकत इतिवृत्तात नोंदवायला लावावी. उठण्याआधी ठराव सूचक-अनुमोदकांच्या नावांसह वाचून घ्यावेत आणि शेवटच्या ठरावाखाली कोरी जागा असेल तर तिथे आडवी रेघ मारायला सांगावी. नंतर नक्कल हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपये, 30 दिवस.

नियमित सभेआधीची महिलांची सभाही बऱ्याच ठिकाणी कागदावरच उरकते.

दारूच्या दुकानावरच्या मतदानात गैरहजेरीचा हिशेब वेगळा आहे. 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून अर्ज दिला की गुप्त मतदान होतं: आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. बंद करायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. नुसत्या आलेल्यांच्या निम्म्याहून भागत नाही. समजा यादीत 800 बायका आहेत. 500 आल्या, 390 जणींनी आडवी बाटली निवडली, 110 जणींनी उभी. दुकान चालूच राहतं, कारण 401 हव्या होत्या. न आलेल्या 300 जणी उभ्या बाटलीच्या बाजूला गेल्या.

त्यामुळे अर्जापुरत्या 200 सह्या जमल्या म्हणून लगेच तारीख मागायची घाई करू नये. आधी मतदारयादी घेऊन घरोघर फिरावं. वारलेल्या आणि लग्न होऊन परगावी गेलेल्या बायकांची नावंही त्या 800 मध्ये धरली जातात. ती नमुना 7 भरून कमी करून घ्यावीत. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या परत येईपर्यंत थांबावं.